रोजा सोडतात, तोडत नाहीत

मागच्या अंकात मी विचारलं होतं, रमजानच्या महिन्यात वर्तमानपत्रं आणि वाहिन्या जे छापतात-दाखवतात त्यातलं तुम्हाला काय खटकतं, काय समजत नाही? पत्रं मनापासून लिहिलेली आली. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात सांगते. जन्म सोलापूरचा, घरात दखनी, शाळेत मराठी, आणि एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर २८ वर्षं उपसंपादक. त्यामुळे रमजान मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय, रोजा ठेवून आणि रोजाच्या बातमीला मथळा देऊन.

ताई, मी तालुक्याच्या गावी बातमीदार आहे. यंदा रमजानचं पान पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. कुणाचं मन दुखावू नये एवढीच इच्छा आहे. काय काय टाळू?
*एक बातमीदार, मराठवाडा*

आधी ती मन दुखावण्याची भीती बाजूला ठेवा. भीतीनं माणूस गुळगुळीत लिहितो. ‘पवित्र रमजान महिन्यास उत्साहात प्रारंभ, मुस्लिम बांधवांमध्ये चैतन्य’ असं लिहिलं की कुणी दुखावत नाही आणि कुणाला काही कळतही नाही. वाचक दुखावतो तो बहुतेक वेळा चुकीच्या माहितीनं. म्हणून टाळायचं काय यापेक्षा शिकायचं काय ते सांगते.

पहिला शब्द घ्या ‘रोजा तोडला’. दरवर्षी कुठेतरी मथळा असतोच, ‘खजूर खाऊन शेकडो रोजेदारांनी रोजा तोडला’. इंग्रजी मजकूर समोर ठेवून घाईत मराठी केलं की असं होतं. आपण मराठीत उपवास सोडतो. आमच्या शेजारच्या काकू संकष्टीला चंद्र बघून उपवास सोडायच्या. उपवास मोडला म्हणजे काहीतरी विपरीत झालं, हे प्रत्येक मराठी माणसाला न सांगता कळतं. रोजाचंही तेच आहे. सूर्य मावळल्यावर तो सोडतात. वेळेच्या आधी जाणूनबुजून खाल्लं-प्यालं तर तो तुटतो, आणि तो दोष मानतात. म्हणजे तुमचा तो मथळा मुस्लिम घरात वाचला जातो तेव्हा त्याचा अर्थ होतो, शेकडो लोकांनी मिळून चूक केली. आपल्याच भाषेत इतका नेमका शब्द असताना चुकीचा का वापरायचा?

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. सहरीची, म्हणजे पहाटेच्या जेवणाची, आणि इफ्तारची, म्हणजे रोजा सोडण्याची, वेळ देणारी ती छोटी चौकट पानाच्या कोपऱ्यात जाते. डेस्कवर तिला कुणी बातमी समजत नाही. पण त्या पानावर सगळ्यात काळजीनं वाचलं जाणारं तेवढंच असतं. सहरी संपण्याची वेळ म्हणजे पहाट फुटण्याची वेळ. त्यानंतर पाण्याचा घोटही चालत नाही. आणि पहाट सगळ्या महाराष्ट्रात एकाच मिनिटाला फुटत नाही. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहा रेखांशांहून थोडं जास्त अंतर आहे, म्हणजे नागपुरात पहाट मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी होते. ऋतूप्रमाणे थोडं कमीजास्त. मुंबईची वेळ नागपूर आवृत्तीत छापली आणि कुणी त्यावर विसंबून जेवला, तर त्याचा त्या दिवसाचा रोजाच झाला नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००० साली रमजान डिसेंबरात होता. मी तेव्हा पुण्यात पानं लावत होते आणि एका रात्री घाईत पुण्याच्या वेळांची चौकट सोलापूर आवृत्तीत तशीच सोडली. दोन शहरांत आठेक मिनिटांचा फरक. दुसऱ्या दिवशी कार्यालयात सोलापूरहून एका आजोबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, “बेटा, मी पाणी पीत होतो आणि अजान सुरू झाली. तुमच्या पेपरच्या हिशेबानं अजून सात मिनिटं होती.” मी माफी मागितली. ते म्हणाले, “असू दे, ईदनंतर एक जास्तीचा ठेवीन. पण उद्या नीट छापा.” सत्तरीच्या पुढचा माणूस माझ्या चुकीपायी एक दिवस जास्त उपाशी राहणार होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती चौकट मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. तुम्हीही तुमच्या गावच्या मशिदीत जा, तिथं भिंतीवर वेळांचा तक्ता लावलेला असतो, तो उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरं, चंद्र. हिजरी महिना २९ दिवसांचा होणार की ३० चा, हे २९ व्या दिवशी संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही यावर ठरतं. मुंबईत जामा मशिदीतून रुयत-ए-हिलाल कमिटी गावोगावच्या साक्षी ऐकून ते जाहीर करते. त्याच्या आधीच्या रात्री सौदी अरेबियात चंद्र दिसला की आपल्या वाहिन्यांवर पट्टी सुरू होते, ‘उद्या ईद’. ती तिथली ईद असते. आपल्याकडे बहुतेक वर्षी ती एक दिवस नंतर येते. त्या पट्टीमुळे दूधवाल्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळे गोंधळतात. ‘चंद्रदर्शनानुसार’ हा शब्द बातमीत घालायला काही खर्च येत नाही.

आणि फोटो. नमाज चालू असताना नमाजीच्या अगदी पुढून आडवं जायचं नसतं, हे छायाचित्रकाराला माहीत नसतं. तो चांगल्या चौकटीसाठी पहिल्या रांगेच्या पुढे जाऊन बसतो. सजद्यात कपाळ टेकलेल्या माणसाच्या डोक्याजवळ कॅमेऱ्याचा आवाज येत राहतो. बाजूनं काढा, गच्चीवरून काढा, आणि आधी कुणालातरी विचारा. एवढं केलंत की लोक आपणहून जागा दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

आम्ही कोकणातले. रमजान आला की सगळीकडे मोहम्मद अली रोड, मालपुवा आणि नल्ली निहारी. महाराष्ट्रात दुसरीकडे रमजान होतच नाही का?
*वाचक, रत्नागिरी जिल्हा*

होतो ना. आणि तो दाखवला जात नाही याचं दुःख मलाही आहे. मिनारा मशिदीच्या आसपासची ती रात्र सुंदर असते, त्याबद्दल वाद नाही. पण दरवर्षी तोच दिव्यांचा फोटो, तीच कढई, आणि ‘खवय्यांची पर्वणी’ हेच शब्द. त्यामुळे लाखो मराठी वाचकांच्या मनात रमजान म्हणजे खाण्याचा महिना असं घट्ट बसलंय. दिवसभर पाण्याविना राहण्याचा महिना खाण्याच्या फोटोंनी ओळखला जावा, ही गोष्ट मला नेहमी टोचते.

तुमच्या कोकणात मुसलमानांच्या घरांत मराठीचीच बोली बोलतात. इफ्तारला घावणे निघतात, सांदणं होतात, नारळाचं दूध असतं. कोकणी मुसलमान शाफी पंथाचे, आमच्याकडे देशावर बहुतेक हनफी. दोघांच्या असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या वेळेतसुद्धा फरक आहे. गावातल्या अर्ध्या घरांतला कमावता माणूस आखातात. त्यामुळे दुबईहून ‘ईद मुबारक’चा फोन येतो तेव्हा इथं आई अजून शेवटचा रोजा धरून बसलेली असते. हे सगळं मी एकदा पुरवणीसाठी सुचवलं होतं. उत्तर मिळालं, ‘फोटो काय आहे?’ खाडीकाठची एक म्हातारी मशिदीची अजान ऐकू यावी म्हणून अंगणात येऊन उभी राहते, हा फोटो नाही का? तुमच्या भागातल्या कुणी तो काढून पाठवला तर या मासिकात छापण्यासाठी मी भांडेन.

एका वाहिनीची बातमीदार आमच्या कॉलेजबाहेर आली होती. माझ्या हातात पाण्याची बाटली पाहून तिनं माईक पुढे करून विचारलं, “आज रोजा नाही का तुमचा?” मला काय बोलावं सुचेना. मैत्रिणी हसल्या. घरी येऊन खूप रडले. माझं काही चुकलं का?
*विद्यार्थिनी, पुणे*

बाळा, तुझं काहीही चुकलं नाही. तुला एकेरी लिहिते, रागावू नकोस.

हे उत्तर मी त्या बातमीदार मुलीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहितेय. आजारी माणसाला रोजा माफ आहे, प्रवाशाला माफ आहे. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला बाळाची काळजी वाटली तर सवलत आहे. मासिक पाळीत तर रोजा ठेवायचाच नसतो. ते दिवस नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. म्हणजे रमजानच्या कुठल्याही दिवशी कुठल्याही मोहल्ल्यात कितीतरी बायका रोजाविना असतात, आणि घरात त्यांना कुणी कारण विचारत नाही. माझ्या अम्मीच्या घरात तर अलिखित नियम होता. स्वयंपाकघराच्या दाराआड एक तांब्या झाकून ठेवलेला असायचा. ज्या मुलीला लागेल ती जाऊन प्यायची. अब्बा त्या बाजूला फिरकायचे नाहीत. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

जे बापानं मुलीला विचारलं नाही, ते अनोळखी माणसानं माईक धरून रस्त्यात विचारलं. ‘तुमचा रोजा आहे का’ हा प्रश्न बाईला विचारणं म्हणजे तिच्या शरीराचा हिशेब सगळ्यांसमोर मागणं आहे. पुरुषालाही विचारू नये. त्याला मधुमेह असेल, किडनीचा त्रास असेल, किंवा तो रोजा ठेवतच नसेल. तो त्याचा आणि त्याच्या ईश्वराचा प्रश्न आहे. वाहिनीनं ते दृश्य दाखवलं असेल तर लेखी तक्रार कर, ते काढून टाकायला सांग. मसुदा मी लिहून देते, मासिकाच्या पत्त्यावर कळव.

इथं मला २०१४ चा जुलै आठवतो. दिल्लीच्या महाराष्ट्र सदनात जेवणावरून संतापलेल्या शिवसेनेच्या खासदारांपैकी एकानं तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या तोंडाशी चपाती कोंबल्याचं दृश्य सगळ्या देशानं पाहिलं. रमजान चालू होता आणि त्या माणसाचा रोजा होता. खासदारांनी सांगितलं की तो मुस्लिम आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. संसदेत गदारोळ झाला. बातमी दाखवणं गरजेचं होतं, मी स्वतः ती पहिल्या पानावर लावली. पण ते चार-पाच सेकंद वाहिन्यांनी दिवसभर पुन्हा पुन्हा फिरवले. ज्याचा अपमान झाला त्याचा चेहरा दर पाच मिनिटांनी घराघरांत. त्याच्या मुलाबाळांनी ते कितीदा पाहिलं असेल हा विचार आमच्या न्यूजरूममध्येही त्या दिवशी कुणाला आला नाही. मला रात्री घरी गेल्यावर आला. एकदा दाखवलं असतं, चेहरा धूसर केला असता, तरी बातमी तेवढीच राहिली असती.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माध्यमं रमजानबाबत जरा जास्तच हळवी होतात असं मला वाटतं. भोंगे, रस्त्यावरची नमाज, बायकांना मशिदीत जागा नसणं, यावर बोललं की लगेच ‘भावना दुखावल्या’. मग टीका करायचीच नाही का?
*वाचक, नाशिक*

राग कसला? विचारलंत हे बरं झालं. टीका जरूर करा. मी मुस्लिम म्हणून नाही, २८ वर्षं बातम्या लावलेली बाई म्हणून सांगते, ज्या बातमीला हात लावायला संपादक घाबरतो ती बातमी सडते.

भोंग्यांचंच घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि हे देवळाला, मशिदीला, लग्नाच्या मांडवाला सारखंच लागू आहे. ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. ते मला पूर्ण मान्य आहे. अजान माणसाच्या गळ्यातून येते. आमच्या लहानपणी गल्लीतून एक चाचा डफ वाजवत ‘सहरी को उठो’ ओरडत जायचे. आता मोबाइलचा गजर आहे. पहाटे चार वाजता सगळ्या वस्तीला भोंग्यानं उठवायची गरज नाही, हे मी माझ्या मोहल्ल्यात बोलते आणि बोलणी खाते.

पण २०२२ सालची बातमीदारी आठवा. मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी २ एप्रिलच्या गुढीपाडव्याच्या सभेत मशिदींवरचे भोंगे उतरवा म्हटलं, नंतर ३ मेची मुदत दिली. रमजान सुरू झाला ३ एप्रिलला आणि ईद आली नेमकी ३ मेला. म्हणजे तो अख्खा महिना टीव्हीवर उलटी गणती चालली होती. माझी भाची तेव्हा १३ वर्षांची होती, तिनं विचारलं, “फुफी, ईदच्या दिवशी काय होणारे?” दहा-दहा माणसं चौकटीत बसवून रात्री आरडाओरडा झाला. पण नियम काय सांगतो, परवानगी कोण देतं, डेसिबल कसे मोजतात, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. मुंबईतल्या काही मशिदींनी पहाटेची अजान भोंग्याविना द्यायचं ठरवलं, ती बातमी मात्र आतल्या पानात गेली. माझा आक्षेप टीकेला नाही, त्या उलट्या गणतीला आहे.

बायकांचं म्हणाल तर तो प्रश्न माझा स्वतःचा आहे. मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून पुण्याच्या एका जोडप्यानं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० च्या जानेवारीत प्रतिज्ञापत्र दिलं की इस्लाममध्ये बायकांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही. कागदावर मनाई नाही आणि गावात जागा नाही. यावर लिहा ना! रमजानच्याच महिन्यात लिहा. तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या जास्तीच्या नमाजाला, कुठल्या मशिदीत बायकांसाठी वेगळी जागा आहे, वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी आहे का, हे जाऊन बघा, बायकांशी बोला. अशी बातमी मी हयातभर वाट पाहिली तरी माझ्या टेबलावर आली नाही.

तुमच्या पत्रात एकादशीचाही उल्लेख आहे, की आमच्या उपवासाची एवढी काळजी कोण घेतं. वारीत चालणाऱ्या बाईला कुणी कॅमेऱ्यासमोर विचारलं की ‘तुम्ही पाळीत तुळशीला हात लावता का’, तर मला तेवढाच संताप येईल. २०२२ आणि २०२३, सलग दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरात आणि इतरही अनेक गावांत मुस्लिमांनी आपण होऊन त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं. गावातली माणसं एकमेकांची काळजी अशी घेतात.

एप्रिल २०२० मध्ये आमच्या गल्लीत भाजीवाल्याला नाव विचारून हाकललं होतं. तो आमच्याच गावचा. नंतर कुणी काही बोललं नाही. माध्यमांनी कधी माफी मागितली का?
*वाचक, अहिल्यानगर*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या वर्षी २५ एप्रिलला रमजान सुरू झाला तेव्हा टाळेबंदी होती, मशिदी बंद होत्या, तरावीह आम्ही घरातच पढलो. त्याआधीचे तीन-चार आठवडे तबलिगी जमात या धर्मप्रचारक संघटनेच्या दिल्लीतल्या मरकजमधल्या, म्हणजे केंद्रातल्या, मेळाव्याच्या बातम्या चालू होत्या. साथीची बातमी साथीसारखी देता आली असती, किती जमले, नियम कुणी मोडला, तपासणी झाली का. काही वाहिन्यांनी विषाणूलाच धर्म चिकटवला. रात्री नऊला टीव्हीवर जे ऐकलं तेच सकाळी तुमच्या गल्लीत भाजीवाल्याला ऐकावं लागलं.

यात तुमच्या जिल्ह्याचा थेट संबंध आहे, म्हणून सांगते. तुमच्याच जिल्ह्यात तबलिगसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. न्यायमूर्तींनी निकालात स्पष्ट नोंदवलं की या लोकांविरुद्ध वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आलं. ही बातमी आमच्या दैनिकात आली. आत आली, एका कॉलमात. एप्रिलमध्ये आठ-आठ कॉलम दिले होते. त्या रात्री मी ड्युटीवर होते आणि वर जागा मागितली. ‘आता तो विषय शिळा झाला’ म्हणाले. मी आणखी ताणून धरायला हवं होतं. ते माझ्याकडून झालं नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

माफीचं विचारता. सगळ्या माध्यमांच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही. पण त्या महिन्यांत डेस्कवर बसलेली एक बाई म्हणून तुमच्या गावच्या त्या भाजीवाल्याची मी या पानावरून माफी मागते. त्याला हे पान दाखवा.

मुलाचा पहिला रोजा. फोटो पेपरात द्यावा का? वय ६.
*एक आई, परभणी*

देऊ नका, असं मी म्हणेन. ‘अवघ्या सहा वर्षांच्या चिमुकल्याचा रोजा’ हे मथळे जिल्हा पानांवर रमजानभर येतात. देणाऱ्याला वाटतं आपण समाजाचं कौतुक करतोय. पण वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. पेपरात शेजारच्या मुलाचा फोटो आला की दुसऱ्या घरातलं पोर हट्ट धरतं. मे महिन्यातला रमजान असेल तर परभणीच्या उन्हात ते पोर दुपारी निपचित पडलेलं मी पाहिलंय. घरात हार घाला, खीर करा, आजीकडून दहा रुपये मिळू द्या. दुपारपर्यंतचा ‘चिमणीचा रोजा’ आम्हीही ठेवलाय, तो गोड असतो. पेपरला त्यातलं काही कळायची गरज नाही.

याच्याच जोडीला शिधावाटपाचे फोटो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा अडीच टक्के वाटा, तो गरिबाचा हक्क मानला आहे. कुराणात दान उघड दिलं तरी चांगलं, पण गुपचूप गरजूला दिलं तर ते जास्त चांगलं असं सांगितलंय. आणि आमच्याकडे नेता मध्ये, पिशवी हातात, आणि पदर ओढून घेणारी बाई फोटोत. संपादकांनी असे फोटो नाकारावेत. देणाऱ्याचं नाव फोटोओळीत छापा, बाईचा चेहरा छापू नका.

मोहरमच्या शुभेच्छा द्याव्यात का? आणि रमजानच्या कधी?
*वाचक, ठाणे*

मोहरमच्या देऊ नका. करबलाच्या लढाईतल्या इमाम हुसेन यांच्या शहादतीचे, दुःखाचे दिवस असतात ते. तरी दरवर्षी शुभेच्छांच्या जाहिराती छापल्या जातात. रमजान सुरू होताना ‘रमजान मुबारक’ चालतं, चंद्र दिसल्यावर ‘ईद मुबारक’. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद होती. आमच्या इमारतीत एकाच दाराला आंब्याचं तोरण आणि ‘ईद मुबारक’ची पाटी दोन दिवस शेजारी होती.

आमच्या न्यूजरूममध्ये दोन सहकारी रोजा ठेवतात. त्यांच्यासमोर डबा उघडायला संकोच वाटतो. काय करावं?
*उपसंपादक, कोल्हापूर*

डबा उघडा आणि जेवा. रोजा ठेवणाऱ्याला समोरच्याच्या जेवणाचा त्रास होत नाही, तुम्ही कोपऱ्यात लपून जेवलात तर मात्र त्याला अवघडायला होतं. ‘पाणीपण नाही?’ हे रोज विचारू नका, पहिल्या दिवशी विचारलंत तेवढं पुरे.

खरी अडचण वेगळी आहे. इफ्तारची वेळ आणि पहिली आवृत्ती सोडायची वेळ एकमेकांवर येते. मगरिबच्या नमाजाला फार वेळ नसतो, सूर्य मावळला की तास-सव्वा तासात ती निघून जाते, आणि नेमका तेव्हाच फोन वाजत असतो. आमच्याकडे क्रीडा पान बघणारे एक सहकारी होते. अजानच्या पाच मिनिटं आधी ते काही न बोलता माझ्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून स्वतःच्या टेबलावर न्यायचे. मी खजूर, पाणी, नमाज आटपून येईपर्यंत दोन बातम्यांना मथळे दिलेले असायचे. सगळी मिळून पंधरा मिनिटं. कोल्हापूरच्या वेळा मशिदीतून आणून ड्युटीच्या तक्त्याशेजारी चिकटवा, आणि संध्याकाळची बैठक महिनाभर अर्धा तास पुढे ढकलता येते का ते आजच वृत्तसंपादकांना विचारा.